ऐका आणि योग्य पर्याय निवडा

चिनी शाळकरी मुलांना इंग्रजी समजू नये म्हणून मी रोज सकाळी साडेआठला ऑफिसला जाते. करारात अर्थात असं लिहिलेलं नाही. तिथे 'कन्टेन्ट लीड, लिसनिंग अँड रीडिंग कॉम्प्रिहेन्शन' असं भारदस्त पद आहे. लीड म्हणजे माझ्या हाताखाली कोणीही नाही.

ऑफिस दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये, सहाव्या मजल्यावर. दोन खोल्या, एक मीटिंग रूम आणि आतून रजया ठोकलेलं एक कपाट, ज्याला आम्ही स्टुडिओ म्हणतो. मालक सत्यजित. आधी तो भारतातून लोणची आणि पापड आणायचा. मग एका प्रदर्शनात त्याला चेंग्डूच्या एका कंपनीची माणसं भेटली आणि त्याच्या लक्षात आलं की शिक्षणाच्या धंद्यात बरण्या फुटत नाहीत. "लोणच्याला एक्स्पायरी असते, शालिनीमॅडम," तो मला मुलाखतीत म्हणाला होता, "कन्टेन्टला नसते." मी एकोणीस वर्षं शारजाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवलेलं. मुलांच्या वह्यांचा कंटाळा आला होता. मी हो म्हटलं.

काम असं: चेंग्डूची कंपनी चीनमधल्या हायस्कूलच्या मुलांना सराव परीक्षा विकते. आम्ही चाळीस संवाद आणि वीस उतारे लिहून, संवाद रेकॉर्ड करून द्यायचे. प्रत्येकाखाली प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय. उतारे मधमाश्या, हिमनद्या आणि एका प्रामाणिक टॅक्सीवाल्याबद्दल असतात. खाली हमखास विचारायचं, लेखकाचा हेतू काय? लेखक मी. माझा हेतू पगार. पण तो पर्याय देता येत नाही.

संवाद त्याहून वाईट. त्यांचा नमुना मिस लिन पाठवायच्या. त्या तिकडच्या प्रमुख, अतिशय सभ्य बाई. नियम एकच, चुकीचं उत्तर आधी ऐकू आलं पाहिजे. बाई म्हणते, मंगळवारी भेटू. पुरुष म्हणतो, मंगळवार छानच, पण त्या दिवशी दात काढायचाय. मग गुरुवार? गुरुवारी सुट्टी. शेवटी दोघं शुक्रवारी भेटतात. मुलाच्या कानात मंगळवार ठाण मांडून बसलेला असतो आणि ते बिचारं मंगळवारवर खूण करतं. याला आमच्या धंद्यात डिस्ट्रॅक्टर म्हणतात. माझ्या आईने याला लबाडी म्हटलं असतं.

या वेळचा पुरुषाचा आवाज मीच शोधला, म्हणून पुढचं सगळं माझ्याच माथी आहे.

मी डिस्कव्हरी गार्डन्सला राहते. एका संध्याकाळी खाली बाकावर बसले होते, तर मागून खणखणीत आवाज आला. "यम्ना, यम्ना, धिस इज नाना. कम टू गेट टू. गेट टू. ओव्हर." घसरगुंडीच्या टोकावरून चार वर्षांची मुलगी तेवढ्याच गांभीर्याने ओरडली, "कमिंग टू गेट टू. ओव्हर!" आणि खरोखर दोन नंबरच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. एकोणीस वर्षांत माझ्या वर्गात एकाही मुलाने माझं पहिल्या फटक्यात ऐकलं नव्हतं. मी उठून त्या आजोबांना गाठलं.

लियाकत परकार, मूळचे दापोलीकडचे. एकतीस वर्षं फुजैराला होते. तिथे समुद्रात नांगर टाकून शेकडो जहाजं उभी असतात, आणि छोट्या बार्ज जाऊन त्यांना इंधन देतात. कुठली बार्ज, कुठल्या जहाजाला, किती वाजता, हे किनाऱ्यावरच्या खोलीत बसून रेडिओवर सांगणारा माणूस म्हणजे लियाकतभाई. कप्तान कधी चिनी, कधी ग्रीक, कधी युक्रेनचा. प्रत्येकाचं इंग्रजी निराळं, वर वाऱ्याची घरघर. एकतीस वर्षांत एकही बार्ज चुकीच्या जहाजाला लागली नाही. हे ते छाती फुगवून सांगत नव्हते, हवामान सांगावं तसं सांगत होते.

"सीक्रेट काही नाही, मॅडम," ते म्हणाले. "समोरच्याने जे सांगितलं ते त्याला परत वाचून दाखवायचं. रीड बॅक. तो हो म्हणाला तरच पुढे. चुकलो तर 'मिस्टेक' बोलायचं, मग 'करेक्शन', मग बरोबर काय ते. 'ओव्हर' म्हणजे आता तू बोल. 'आउट' म्हणजे खलास, आता कोणी बोलायचं नाही. पिक्चरमध्ये 'ओव्हर अँड आउट' करतात ना, माझं डोकं फिरतं."

मग कंपनीने ती खोली बंद केली आणि तिथे सॉफ्टवेअर आणलं. नोकरी गेली तसा व्हिसा गेला. आता ते आणि त्यांच्या पत्नी मैमुनाबी मुलीकडे, सुमैय्याकडे, व्हिजिट व्हिसावर राहत होते. सुमैय्या हॉस्पिटलमध्ये नर्स, नवरा सौदीत. आईवडिलांना आपल्या व्हिसावर ठेवण्याएवढा तिचा पगार नव्हता. यम्ना दिवसभर मैमुनाबींच्या मागे मागे असायची. शेवटची मुदतवाढ पुढच्या महिन्याच्या सतरा तारखेपर्यंत होती.

"आम्ही गेलो तर पोरीला कुठेतरी ठेवायला लागेल," लियाकतभाई म्हणाले. "माझं काही नाही. मैमुना मात्र जगायची नाही तिच्याशिवाय."

सत्यजितला मी त्यांचा आवाज फोनवर ऐकवला. तो खुर्चीतून उठलाच. "चेंग्डूचं पुढच्या वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट साइन होऊ दे, लियाकतभाई, दुसऱ्या दिवशी तुमच्या व्हिसाचा अर्ज टायपिंगला. तुमच्या व्हिसावर भाभींचा. यल्ला, कामाला लागा."

कपाटात मी बाई झाले, लियाकतभाई पुरुष. पहिल्याच संवादात ते थांबले.

"मॅडम, याला मंगळवारी जायचं नाही, तर हा मंगळवार बोलतो कशाला?"

"मुलांना फसवायला."

"पोरांनी काय केलंय?"

"परीक्षा आहे, लियाकतभाई."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "चॅनेलवर असं केलं ना, तर दोन जहाजं एका बार्जवर येतील." पण माणूस शिस्तीचा. लिहिलंय तसं वाचतो म्हणाले, आणि वाचलंही. फक्त मंगळवारचा शुक्रवार होण्याच्या क्षणी त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "मिस्टेक. करेक्शन. फ्रायडे." मग मी बाईचं वाक्य म्हटलं, तर त्यांनी तेही परत वाचून दाखवलं. "फ्रायडे, फोर पीएम, लायब्ररी. करेक्ट?" आणि पानावर नसूनसुद्धा मी "करेक्ट" म्हणून बसले.

पहिल्या तीन संवादांतून ते सगळं मी कापून काढलं. चौथ्यात ठेवलं. पाचव्यापासून तर मीच लिहायला लागले, आणि मग मागे जाऊन पहिल्या तिघांतही परत घातलं. का, ते खरं सांगते. मला बरं वाटलं. दोन माणसं एकमेकांना काहीतरी सांगतायत आणि ते पोचल्याची खात्री करून घेतायत, असा संवाद मी आयुष्यात प्रथमच लिहीत होते. माझ्या संसारात असा एकही झालेला नाही.

चाचणीसाठी इंटरनॅशनल सिटीतल्या चिनी व्यापाऱ्यांची बारा मुलं शनिवारी सकाळी मीटिंग रूममध्ये आणून बसवली. मिस लिन पडद्यावर हजर. मुलांमध्ये एक चेरी होती. खरं नाव यूतोंग, पण या मुलांना शाळेत एक इंग्रजी नाव घ्यावं लागतं आणि हिने फळ घेतलं होतं. सोळा वर्षांची, वडिलांचं टाइल्सचं दुकान, बाहेरच्या युनिव्हर्सिटीत जायचं म्हणून इंग्रजीच्या मागे लागलेली. आमच्या आधीच्या सहा चाचण्या तिने दिल्या होत्या. वीसपैकी अकराच्या वर कधी गेली नव्हती, आणि दर वेळी उठताना डोळे पुसत उठायची. ते अकरासुद्धा माझ्याच लबाडीतून वाट काढत मिळवलेले.

लियाकतभाईंचा आवाज सुरू झाला. पहिल्या संवादाला मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्याला चेरीने पेन खाली ठेवून दोन्ही हातांवर हनुवटी टेकली. ती चक्क ऐकत होती. सराव परीक्षेत कोणी ऐकत नाही, शिकारीला बसल्यासारखे सगळे टपून असतात.

बाराच्या बारा मुलांना वीसपैकी वीस.

चेरी कपाटाशी उभ्या असलेल्या लियाकतभाईंपाशी गेली. "सर, आय हर्ड एव्हरीथिंग," ती म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "ओव्हर." लियाकतभाईंनी तिला परत वाचून दाखवलं, "यू हर्ड एव्हरीथिंग. करेक्ट?" आणि ती पोर मोठ्याने हसली. मला भरून आलं, उगीच नाही म्हणत.

सत्यजितने सगळ्यांसाठी मंदी, म्हणजे अरबी मटण-भात, मागवला. "लियाकतभाई, पासपोर्टची कॉपी पाठवून द्या. खलास, झालं समजा!" दुसऱ्या दिवशी मैमुनाबींनी माझ्या दारात डबाभर सांदणं आणून दिली. पिवळीधमक, फणस नाही मिळाला म्हणून आंब्याची. "तुमचे उपकार आहेत, बाई," म्हणाल्या. यम्ना त्यांचा दुपट्टा धरून उभी होती. मी डबा घेतला आणि सगळी सांदणं दोन दिवसांत संपवली, हेही सांगून टाकते.

सोमवारी मिस लिन पडद्यावर आल्या.

"सगळ्यांना समजलं," त्या म्हणाल्या.

"हो ना!" सत्यजित म्हणाला.

"तोच प्रॉब्लेम आहे."

त्यांनी समजावून सांगितलं, रागावल्या अजिबात नाहीत. सगळ्यांना वीसपैकी वीस पडले तर हुशार कोण आणि कच्चा कोण, हे कळणार कसं? आणि मूल कच्चं आहे हे कळलं नाही तर आई-वडील पुढचा कोर्स कशाला घेतील? परीक्षा गाळण्यासाठी असते. "शिवाय," त्या अगदी हळुवारपणे म्हणाल्या, "सर फार छान बोलतात. पण खऱ्या आयुष्यात माणसं इतकं स्पष्ट बोलत नाहीत."



सत्यजितला दोन दिवसांत कॅलम सापडला. आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या जिममध्ये ट्रेनर, इंग्लंडचा, वय चोवीस. मूळ इंग्रज म्हटल्यावर मिस लिन खूश. त्याने अर्ध्या दिवसात चाळीस संवाद उरकले, च्युइंगम न थुंकता. तो प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द स्वतःशी बोलायचा आणि शेवटचा गिळायचा. माझ्या हातात कागद होता, संवाद मी लिहिलेला होता, तरी बाईचं वाक्य कुठे सुरू करायचं ते मला कळत नव्हतं. रीड बॅक गेलं. करेक्शन गेलं. मंगळवार आपल्या जागी परत आला.

पुन्हा तीच बारा मुलं. सरासरी नऊ. चेरीला आठ. पेपर देताना तिने कपाटाकडे पाहून विचारलं, "व्हेअर इज ओव्हर अंकल?" मी म्हटलं, ही इज बिझी. मिस लिननी आकडे पाहिले आणि आजवर कधी नव्हत्या हसल्या तशा हसल्या. "परफेक्ट," म्हणाल्या. बुधवारी करार झाला.

इकडे रोज सकाळी माझ्या फोनवर एक मेसेज यायचा. 'गुड मॉर्निंग मॅडम. व्हिसा स्टेटस? ओव्हर.' मी तो सत्यजितला दाखवायची आणि सत्यजित म्हणायचा, "सांगा, इन्शाल्ला." मी तेच टाइप करायची. खाली बाग ओलांडायची वेळ आली की मी मागच्या फाटकाने जायला लागले होते.

अकरा तारखेला मी त्याच्या केबिनमध्ये गेले. "सत्यजित, आवाज नाही वापरला तर नाही. पण व्हिसाचा शब्द दिला होतास. त्यांना ऑफिसचं दुसरं काही काम दे."

"मॅडम, मला वाईट वाटत नाही का? पण कंपनीच्या कोट्यात एकच व्हिसा उरलाय आणि तो कॅलमला लागतोय. कॉन्ट्रॅक्टमध्ये त्याचं नाव आहे. दोन कुठून आणू?"

"तू 'झालं समजा' म्हणालास."

"समजा म्हणालो ना. आणि नंतर रोज इन्शाल्ला म्हणतोय. इतकी वर्षं गल्फमध्ये काढलेला माणूस, इन्शाल्लाचा अर्थ कळत नाही त्याला?" मग त्याने आवाज खाली आणला. "तुम्हीच सांगा त्यांना. तुम्ही भाषेच्या बाई आहात. नीट, दुखावणार नाही असं सांगा."

हे मात्र त्याने बरोबर हेरलं होतं. मी भाषेची बाई. मी आधी कागदावर लिहून काढलं, दोनदा खोडलं, आणि मीटिंग रूमचं दार लावून फोन केला. मागे झोपाळ्याचा आवाज येत होता. ते बागेतच होते.

"लियाकतभाई, तुमच्या आवाजाचं सगळ्यांनी फार कौतुक केलं. मिस लिन म्हणाल्या, असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. आपले पुढचे बरेच प्रोजेक्ट येणार आहेत, तेव्हा तुमची आठवण नक्की ठेवू. फक्त या वेळी क्लायंटची गरज जराशी वेगळी निघाली. त्यामुळे व्हिसाचंही त्याच हिशेबाने बघावं लागेल. सत्यजितसर स्वतः लक्ष घालतायत."



"से अगेन, मॅडम."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी थोडी साखर जास्त घातली.

"रीड बॅक करतो," लियाकतभाई म्हणाले. "आवाज चांगला आहे. पुढे काम आहे. व्हिसाचं सर स्वतः बघतायत. करेक्ट?"

तेवढ्यात त्यांनी फोन जरा बाजूला धरला असावा. "मैमुना! सर स्वतः बघतायत म्हणे!" आणि लांबून मैमुनाबींचा आवाज आला, "अल्हम्दुलिल्लाह."

त्यांना खरंच तसं वाटलं होतं, की मला सरळ बोलायला लावत होते, ते मला आजही ठाऊक नाही. मी जे बोलले त्यातलं एकही अक्षर त्यांनी चुकीचं वाचलं नव्हतं, एवढं नक्की. मी आधी मंगळवार सांगितला होता. नंतर गुरुवार सांगितला होता. शुक्रवार मी बोललेच नव्हते. मिस लिनच्या नमुन्यातसुद्धा शेवटी एकदा तरी खरं सांगतात.

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. कागद चुरगळून हातात धरला होता.

"मॅडम? करेक्ट? ओव्हर."

"मिस्टेक," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "करेक्शन. काम दुसऱ्या माणसाला दिलं. व्हिसा होणार नाही. सतरा तारखेच्या आत तुम्हाला जावं लागेल. ओव्हर."

झोपाळा थांबला होता. कोणीतरी यम्नाला उतरवलं असेल.

"रीड बॅक करतो." आवाज तोच होता. एकतीस वर्षं चिनी आणि ग्रीक कप्तानांनी ऐकला असेल तसाच, एकेक शब्द सुटा. "काम दुसऱ्याला दिलं. व्हिसा नाही. सतराच्या आत मी आणि मैमुना परत. करेक्ट?"

"करेक्ट."

"पोरीचं नाव यात नाही. ती इथेच राहणार. करेक्ट?"

"करेक्ट," मी म्हटलं.

"थँक यू, मॅडम. आता क्लिअर झालं," ते म्हणाले. "मैमुनाला मी सांगतो. आउट."

मला माफी मागायची होती. फोन कानालाच होता, लाइनही लगेच कटली नव्हती. पण आउट झाल्यावर बोलायचं नसतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

मी दार उघडलं तर सत्यजित बाहेरच घुटमळत होता. "झालं? काय म्हणाले? चिडले का?"

"थँक यू म्हणाले."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बघा! मी म्हटलं नव्हतं, समंजस माणूस आहे? तुम्ही उगाच चार दिवस टेन्शन घेऊन बसलात." मंगळवारवर खूण करून तो जेवायला निघून गेला.